आधी विचारा, गाव कुठलं? गेलिक फुटबॉलचे पॉडकास्ट आणि त्यांचे होस्ट

नमस्कार मंडळी! आज कॅमेरा स्वयंपाकघरातच लावलाय. रात्रपाळी करून आत्ता घरी पोचलेय, चहा गॅसवर आहे, आणि झोपायच्या आधी हा विषय बोलून टाकायचाय. नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

झालं काय, मागच्या व्हिडिओत मी गेलिक फुटबॉलच्या नव्या नियमांवर बोलले. खाली कमेंट्समध्ये नियम राहिले बाजूला, सगळी मंडळी पॉडकास्टवर घसरली. ‘ताई, कुठल्या पॉडकास्टपासून सुरुवात करू?’ ‘तो होस्ट सारखा मध्ये बोलतो.’ ‘हा डब्लिनवाला आहे, डब्लिनचीच बाजू घेणार.’ ‘ती दोघं नुसती हसत बसतात.’ आणि सगळ्यात जास्त वेळा आलेली कमेंट: ‘नि:पक्षपाती पॉडकास्ट सांगा.’ या शेवटच्या कमेंटसाठी आजचा व्हिडिओ आहे.

ज्यांना खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी एका दमात सांगते. आयर्लंडचा खेळ. पंधरा-पंधरा खेळाडू. इंग्रजी एच अक्षरासारखे गोलपोस्ट. बॉल आडव्या दांडीखाली जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट. दांडीवरून गेला तर एक. आणि 2025 पासून, चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवरून मारला तर दोन. काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) विरुद्ध काउंटी सामने, फायनल डब्लिनच्या क्रोक पार्कात, 82 हजार माणसं मावतात. चालवणारी संघटना जीएए, म्हणजे गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, 1884 साली थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात सुरू झालेली. झालं.

हां, पॉडकास्ट ऐकताना स्कोअर कानाने कळायला हवा, ते एक सांगते. 2024 ची फायनल घ्या. आर्मा 1-11, गॉलवे 0-13. ऐकताना तेरा मोठा वाटतो. पण पहिला आकडा गोलचा, त्याचे तीन. म्हणजे आर्मा चौदा, गॉलवे तेरा. एका पॉइंटने आर्माने कप नेला. दोन-चार भाग ऐकलेत की हा हिशोब आपोआप होतो.

आता मुद्द्याला येते.

मी राहते न्यूब्रिजला, किल्डेअर काउंटीत. काम हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. जाता-येता गाडीत पॉडकास्ट लावलेला असतो. इथे आले त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. एका पॉडकास्टवर किल्डेअरच्या टीमला एका माजी खेळाडूने अक्षरशः सोलून काढलं होतं. टीममध्ये दम नाही, मोठ्या मॅचला पाय कापतात, असं बरंच. मला ते पटलं होतं. ब्रेकमध्ये मी माझ्या सहकारी बाईंना म्हटलं, काय स्पष्ट बोलला हो तो. बाई साठीच्या, जन्म न्यूब्रिजचा, वडिलांपासून सेंट कॉनलेथ्स पार्कच्या त्याच कठड्याला टेकून मॅच बघत आलेल्या. त्यांनी हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं आणि एवढंच विचारलं: ‘आणि तो कुठला?’

मी म्हटलं, मीथचा. (मीथ म्हणजे शेजारची काउंटी.)

त्यांनी बिस्किट उचललं. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

मला त्या दिवशी राग आला. म्हटलं, माणूस काय बोलला ते बघा ना, कुठला आहे ते काय बघता? मग घरी येताना लक्षात आलं, अहो, हे तर आपलंच आहे! आपल्याकडे एसटीत शेजारी कुणी बसलं की पहिला प्रश्न काय? ‘गाव कुठलं तुमचं?’ नाव नंतर, कामधंदा नंतर, आधी गाव. गाव कळलं की त्या माणसाचं बोलणं कुठून येतंय ते कळतं. आयर्लंडमध्ये गाव म्हणजे काउंटी, आणि काउंटीच्या आत क्लब. गेलिक फुटबॉलचा पॉडकास्ट समजून घ्यायची ही एकच किल्ली आहे. होस्ट कुठला, पाहुणा कुठला, हे आधी शोधा. मग ऐका. मग मत द्या.

‘म्हणजे ताई, तुम्ही पक्षपाताचं समर्थन करताय का?’ ही कमेंट येणार हे मला माहिताय, म्हणून जरा नीट सांगते.

हे खेळाडू पगारी नाहीत. काउंटीच्या टीममधून 82 हजार लोकांसमोर खेळणारा मुलगा सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला किंवा साइटवर कामाला जातो. त्याच्यावर पॉडकास्टमध्ये बोलणारा माजी खेळाडूही त्याच काउंटीत राहतो. दुकानात त्याची आई भेटते. मुलं एकाच क्लबच्या मैदानावर येतात. अशा ठिकाणी ‘अमुक मुलगा चुकला’ हे माइकवर म्हणायला छाती लागते. तेव्हा आपल्याच काउंटीच्या खेळाडूबद्दल माजी खेळाडूचा आवाज जरा मऊ झाला, तर लगेच ‘घाबरट’ लिहू नका. आणि तोच माणूस आपल्याच टीमबद्दल कडक बोलला, तर ते सोन्याच्या भावाने ऐका. पण तो कडक बोलतोय की मऊ, हे कळायला तो कुठला ते माहीत हवं ना!

दुसरं. इथे खेळाडूंची खरेदी-विक्री नाही. जिथे वाढलात तिथल्या क्लबकडून खेळता, आणि क्लब ज्या काउंटीत त्या काउंटीकडून. प्रीमियर लीगचा एखादा माजी खेळाडू चार क्लबांमधून खेळलेला असतो, त्याला तटस्थ बसवता येतं. इथे बहुतेक सगळ्यांना जन्मभर एकच जर्सी. तटस्थ माजी खेळाडू आणणार कुठून? तुम्ही नि:पक्षपाती पॉडकास्ट मागता म्हणजे या खेळात जी गोष्टच नाही ती मागता.

मी कोल्हापूरची, त्यामुळे मला हे समजायला खरं तर वेळ लागायला नको होता. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची फुटबॉल मॅच असली की बाबा मला घेऊन जायचे. तिथे कुणी मॅचचं वर्णन सांगायला लागलं की तो ‘आपण’ म्हणतो की ‘ते’ म्हणतो, यावरून पेठ कळायची. गेलिक पॉडकास्टमध्ये हेच कान लावून ऐका. माजी खेळाडू शांतपणे विश्लेषण करत असतो, आणि मधेच ‘आम्ही किक-आउट सोडले’ असं बोलून जातो. (किक-आउट म्हणजे गोलकीपर बॉल पुन्हा खेळात आणतो ती किक.) तो ‘आम्ही’ फार मोलाचा असतो. तिथून पुढचं तो मनापासून बोलतो.

आणि तिसरं म्हणजे या लोकांची आठवण. 2003 च्या ऑल-आयर्लंडच्या, म्हणजे सगळ्या काउंट्यांच्या मुख्य स्पर्धेच्या, सेमीफायनलमध्ये टिरोनने केरीला हरवलं. टिरोनचे खेळाडू झुंडीने बॉलवर तुटून पडत होते. केरीचे जुने दिग्गज पॅट स्पिलेन तेव्हा टीव्हीवर तज्ज्ञ म्हणून बसायचे. त्यांनी त्या खेळाला ‘प्यूक फुटबॉल’ म्हटलं, म्हणजे ओकारी आणणारा फुटबॉल. टिरोनने त्या वर्षी पहिल्यांदा ऑल-आयर्लंड जिंकलं. आज इतक्या वर्षांनी ते दोन शब्द टिरोनमध्ये कुणीही विसरलेलं नाही. आता समजा ते वाक्य तुम्ही माणसाचं गाव न बघता ऐकलंत, तर तुम्हाला वाटेल की एक तज्ज्ञ खेळाच्या सौंदर्याबद्दल बोलतोय. गाव माहीत असेल तर कळतं की एक हरलेला केरीवाला बोलतोय. दोन्ही खरं आहे. पण दोन्ही एकदम ऐकू आलं पाहिजे.

म्हणून पुन्हा सांगते, आधी गाव.

थांबा, चहा उतू जाईल. ...हां.

आता तुम्ही विचारलेल्या पॉडकास्टवर येते. टॉप फाइव्ह लावणार नाही. तसले व्हिडिओ ढिगाने आहेत.

‘द फुटबॉल पॉड’ बद्दल सगळ्यात जास्त कमेंट्स आल्या. टॉमी रूनी होस्ट, सोबत डब्लिनचा पॅडी अँड्र्यूज आणि केरीचा जेम्स ओ’डोनाहू, 2014 चा फुटबॉलर ऑफ द इयर. तक्रार अशी की दोन मोठ्या काउंट्यांची माणसं, गप्पा फार, हशा फार. गप्पांचं मला थोडं मान्य आहे. पण मैदानात एकमेकांसमोर उभी राहिलेली ही दोन माणसं एका टेबलावर आहेत, हीच तर गंमत आहे. एकाचा ‘आम्ही’ दुसऱ्याच्या ‘आम्ही’वर आदळतो, आणि त्यातून ड्रेसिंग रूममधली जी बारीक माहिती बाहेर येते ती तुम्हाला वर्तमानपत्रात वाचायला मिळणार नाही.

आणि इथे मला एका कमेंटवर बोलायचंय, कारण ती वाचून माझा जीव तळमळला. ‘रूनी काउंटीकडून खेळलेला नाही, त्याला काय कळतं?’ अहो, म्हणूनच तर तो हवा! दोन माजी खेळाडू बोलायला लागले की शब्दांची जत्रा भरते. प्रेस, ब्रेक बॉल, टर्नओव्हर. तिथे एक माणूस असा लागतो जो तुमच्या-माझ्या वतीने म्हणेल, थांब, हे नीट सांग. माझ्या मते होस्टची परीक्षा ही आहे. तो मध्ये बोलतो का, यापेक्षा तो कुठे मध्ये बोलतो. पाहुणा मनातलं सांगत असताना तोडलं तर वाईट. पाहुणा गोल गोल फिरत असताना तोडलं तर त्याचे आभार माना.

बीबीसीचा ‘द जीएए सोशल’ वेगळ्या पिंडाचा. टॉमस नीब्लॉक आणि ओशीन मॅकॉनविल. मॅकॉनविल आर्माचा, 2002 साली आर्माने पहिल्यांदा ऑल-आयर्लंड जिंकलं त्या टीममधला. आपल्या जुगाराच्या व्यसनाबद्दल तो वर्षानुवर्षं उघडपणे बोलत आलाय. त्यामुळे समोर बसलेला माणूसही आजारपण, दु:ख, अपयश मोकळेपणाने बोलतो. एका दादांनी लिहिलंय, ‘यात फुटबॉल कमी, रडारड जास्त.’ दादा, सोमवारी मॅचची चिरफाड हवी असेल तर हा लावू नका. पण रात्री दोन वाजता सेंट्रिफ्यूज फिरत असताना लॅबमध्ये मी एकटी हे ऐकलेलं आहे, आणि मला तेव्हा तेच हवं होतं.

‘स्मॉलर फिश’ कोल्म पार्किन्सनचा. हा माणूस लीशचा. लीश! स्पेलिंग बघून ‘लाओइस’ म्हणू नका, कृपा करून. पार्किन्सन तावातावाने बोलतो, समोरच्याला कोपऱ्यात घेतो. काही जणांना तो फार चढा वाटतो. मला आवडतो, कारण लीशसारख्या लहान काउंटीतून आलेल्या माणसाच्या बोलण्यात मोठ्या काउंट्यांपुढचं दबकणं नाही. लीशने 2003 साली लेन्स्टर, म्हणजे पूर्वेकडच्या प्रांताची स्पर्धा, जिंकलं. फायनलला कुणाला हरवून? किल्डेअरला. माझ्या लॅबमधल्या बाई तो पॉडकास्ट ऐकत नाहीत, एवढंच सांगते.

लहान काउंट्यांचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या एका तक्रारीशी मी शंभर टक्के सहमत आहे. दीड तासाचा भाग, त्यात सव्वा तास केरी, डब्लिन, मेयो, डोनिगॉल, आणि शेवटी उरलेल्यांना पंधरा मिनिटं. टाल्टन कप म्हणजे दुसऱ्या फळीतल्या काउंट्यांची स्पर्धा, 2022 पासून सुरू. 2025 मध्ये ती किल्डेअरने जिंकली. न्यूब्रिजच्या रस्त्यावर किल्डेअरचे पांढरे झेंडे होते, माझा मुलगा पांढरी जर्सी घालून झोपला. दुसऱ्या दिवशी मी गाडीत एका पॉडकास्टवर आमचा नंबर कधी येतो याची वाट बघत बसले. एम सेव्हन हायवे संपला, घर आलं, इंजिन बंद करून बसून राहिले. चार मिनिटं मिळाली. नाव घेत नाही, कारण हे बहुतेक सगळीकडे होतं. पण ज्या काउंटीने 1928 साली सॅम मॅग्वायर कप, म्हणजे ऑल-आयर्लंडचा कप, सगळ्यात पहिल्यांदा उचलला, तिला चार मिनिटं? आणि लाउथचं बघा. त्याच 2025 मध्ये त्यांनी 1957 नंतर पहिल्यांदा लेन्स्टर जिंकलं. अशा गोष्टी दर आठवड्याला शोधून काढणारा होस्ट मला द्या, त्याचे सगळे हसणे-खिदळणे मी माफ करीन.

एक शेवटचं उदाहरण, आधी गाव का विचारायचं त्याचं. 2025 च्या जूनमध्ये मीथने केरीला हरवलं. लगेच चर्चा सुरू: केरी म्हणजे त्यांचा एकटा स्टार खेळाडू डेव्हिड क्लिफर्ड. पुढे केरीने आर्माला हरवलं, तेव्हा केरीचे मॅनेजर जॅक ओ’कॉनर यांनी या एकखांबी तंबूच्या बोलण्यावर जाहीर नाराजी दाखवली, आणि त्यांना जास्त लागलं होतं ते केरीच्याच माणसांचं बोलणं. जुलैत केरीने डोनिगॉलला 1-26 विरुद्ध 0-19 हरवून कप नेला. हिशोब करा, दहा पॉइंटचा फरक. म्हणजे पक्षपात फक्त लाड करत नाही. घरच्यांकडून अपेक्षा जास्त, म्हणून घरचेच जास्त टोचून बोलतात. मीथचा माणूस केरीला नावं ठेवतो ते वेगळं, आणि केरीचा ठेवतो ते वेगळं. वाक्य तेच असलं तरी.

आता तुम्ही करून बघा. येत्या रविवारच्या मॅचनंतर कुठलाही एक भाग लावा. होस्ट आणि पाहुणे कुठले ते आधी शोधा, कागदावर लिहा. मग ‘आम्ही’ कुठे कुठे येतो तिथे खूण करा. कॉर्कच्या त्या काकू ज्या दर व्हिडिओखाली हर्लिंगबद्दल, म्हणजे काठी-बॉलच्या आयरिश खेळाबद्दल, विचारतात, काकू, हर्लिंगचा व्हिडिओ येतोय, तो स्वतंत्र करावा लागेल. आणि पुण्याचे ते आजोबा जे डब्लिनच्या नातवासाठी हे सगळं शिकतायत, आजोबा, नातवाला त्याचा क्लब विचारा. डब्लिनमध्ये नुसतं ‘डब्लिन’ सांगून भागत नाही.

खाली कमेंट करताना मत लिहाच, कडक लिहा. फक्त पहिल्या ओळीत तुमची काउंटी लिहा. मी सुरुवात करते: किल्डेअर.