सायलेन्सरला पट्टी गुंडाळायची का?

मंडळी, टेबलावर ही जी रीळ ठेवलीय ती पुढच्या रांगेतून फिरवा, फक्त उघड्या हातानं जास्त चोळू नका, काचेचे बारीक तंतू असतात, घरी जाईपर्यंत खाज जात नाही. दोन इंच रुंद, दीडेक मिलिमीटर जाड, उष्णता अडवणारी विणलेली पट्टी, बस. हल्ली आपल्या इंदूरात राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत कुठलीही मॉडिफाय केलेली बुलेट बघा, बेंड पाइपाला, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या पाइपाला, ही गुंडाळलेली असणारच, आणि पोराला विचारलं की सांगतो, भिया (म्हणजे भाऊ), लूक येतो, पाय भाजत नाही आणि पिकअप पण वाढतो. लूकचं खरं आहे. पायाचं अर्धं खरं. पिकअपचं मात्र आपल्या गाड्यांच्या बाबतीत नुसत्या गप्पा, आणि खरा मुद्दा तो कुणी काढतच नाही, तो म्हणजे पावसाळा. त्याच्यावर येतोच.

लूकवर मी वाद घालणार नाही. जुनी गाडी, कॅफे रेसर म्हणजे जुन्या रेसिंग बाइकसारखी केलेली, त्यावर काळी पट्टी आणि स्टीलचे टाय खरंच शोभतात. नव्या क्रोमवर का गुंडाळतात ते मला कळत नाही, क्रोमचे पैसे मोजायचे आणि मग तेच झाकायचं, पण ज्याची त्याची हौस.

आता पिकअप. ही कल्पना आली रेसिंगच्या गाड्यांमधून, चारचाकी. तिथे इंजिन बॉनेटखाली बंद असतं, एक्झॉस्टची, म्हणजे जळलेला गॅस बाहेर नेणाऱ्या पाइपाची, उष्णता आत कोंडते, इंजिन तीच गरम हवा ओढतं, गरम हवा विरळ म्हणजे ताकद कमी, टर्बो (ह्याच गॅसवर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असेल तर त्याला गॅस जितका गरम मिळेल तितका तो लवकर फिरतो. तिथे पट्टीचा उपयोग होतो, वाद नाही. मोटरसायकलचा पाइप उघड्यावर, समोरून वारा लागतोय, बॉनेटच नाही तर कोंडणार काय?

मग लोक म्हणतात गॅस गरम राहिला की वेगानं बाहेर पडतो. पडतो की, पण हिशोब करून बघा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की पाइपातून दाबाची लाट जाते, दुसऱ्या टोकाला आपटून परत येते, आणि ती नेमक्या क्षणी परत आली तर सिलिंडर रिकामा व्हायला मदत होते. रेसिंगवाले पाइपाची लांबी ठरवतात ती ह्याच हिशोबानं. लाटेचा वेग गॅसच्या तापमानावर अवलंबून, तो पण अ‍ॅब्सोल्यूट तापमानाच्या (म्हणजे सेल्सियसमध्ये 273 मिळवून) वर्गमुळाच्या प्रमाणात. समजा गॅस 600 अंश आहे आणि पट्टीमुळे 650 झाला, 50 अंश म्हणजे मी तर खूपच उदार होऊन धरले, तरी वेग वाढतो साधारण 3 टक्क्यांनी. म्हणजे काय, तर जो फायदा 5000 आरपीएमला मिळत होता तो आता 5150च्या आसपास मिळेल. ताकद वाढली नाही, थोडी पुढे सरकली. आणि समजा 1 टक्का वाढलीच, तर स्प्लेंडरची ताकद आठेक हॉर्सपॉवर, त्याचा 1 टक्का किती होतो तुम्हीच सांगा. टायरमध्ये हवा बरोबर भरली तरी जास्त फरक जाणवेल. पीथमपूरला नॅट्रॅक्स ह्या गाड्या तपासायच्या केंद्राचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे ना, तिथे नेऊन मोजलं तरी पट्टीवाली आणि बिनपट्टीवाली बुलेट वेगळी ओळखता येईल असं मला नाही वाटत.

पाय भाजण्याचं बघू. पट्टीनं पाइपाच्या बाहेरचं तापमान बरंच उतरतं हे खरं, पण हेडजवळ, म्हणजे पाइप इंजिनाला जोडतो तिथे, ती पट्टी पण शंभराच्या वर सहज जाते, तेव्हा हात लावून बघायचा नाही. दुसरं म्हणजे मे महिन्यात पलासियाच्या सिग्नलवर मांडीला जी धग लागते ना, ती बहुतेक इंजिनाच्या फिन्सची, म्हणजे गार व्हायला दिलेल्या पात्यांची, असते, पाइपाची नाही, त्याला पट्टी काय करणार? आणि बऱ्याच कंपनी फिटिंगच्या क्रोम पाइपात आत एक आणि बाहेर एक असे दोन पाइप असतात, मध्ये हवा, म्हणजे तिथे इन्सुलेशन कंपनीनं आधीच करून दिलंय, त्याच्यावर पट्टी म्हणजे फक्त शोभा.

आता पाऊस. पट्टी उष्णता अडवते ती काचेमुळे नाही, तंतूंच्या मध्ये अडकलेल्या हवेमुळे. ती भिजली की हवेच्या जागी पाणी, आणि पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणजे ज्या कामासाठी लावली तेच काम बंद. गाडी अर्धा तास पळाली की वाळते म्हणा, पण आपण चालवतो कशी, घर ते सराफा, सराफा ते घर, पाइप नीट तापायच्या आत गाडी स्टँडवर. खालच्या वळणाला, इंजिनाच्या बुडाशी, पाणी साचून राहतं, त्यात आपली माळव्याची काळी माती, ती एकदा विणीत शिरली की किती पण धुवा, निघत नाही आणि ओल सोडत नाही. साध्या एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलच्या, पाइपाला बाहेरून पट्टीची ओल, आतून उष्णता. मी खोललेले असे पाइप बघितलेत, पट्टी वरून ठीकठाक, सोडली तर खाली गंजाचा पापुद्रा पट्टीलाच चिकटून निघून येतो आणि खालच्या बाजूला स्क्रूड्रायव्हर टेकवला की आत जातो. त्यात साधं स्टील 550 अंशांच्या आसपास गेलं की कोरड्यात पण पापुद्रे सोडायला लागतं, आणि पट्टी पाइपाला गरमच ठेवते, तेच तर तिचं काम. वेल्डिंगजवळ तडे जातात ते पण ह्यातच. स्टेनलेस पाइप असेल तर बराच टिकतो.

2020च्या एप्रिलनंतरची म्हणजे बीएस-सिक्स ह्या प्रदूषणाच्या नियमातली गाडी असेल तर अजून एक सांगतो, पाइपात ऑक्सिजन सेन्सर आहे, पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट), म्हणजे धूर स्वच्छ करणारा डबा आहे. सेन्सर आणि त्याची वायर झाकायची नाही, कॅटवर तर गुंडाळायचीच नाही, तो स्वतःच खूप तापतो, त्याला अजून कोंडलं तर आतली जाळी जाते, आणि ती स्वस्त नसते. वॉरंटीचं काय होईल ते वेगळं.

तरी ज्यांना बांधायचीच आहे, आणि अशी चार-पाच मंडळी मला इथूनच दिसतायत, त्यांनी निदान नीट बांधा. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला मास्क. पाइप थंड, तेलाचा डाग नको. पट्टी बादलीत भिजवा, म्हणजे नरम पडते, तंतू उडत नाहीत, वळणावर नीट बसते. सुरुवात सायलेन्सरच्या बाजूनं करा आणि हेडकडे चढत जा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर पाव इंच, घरावर कौलं खालून वर लावत जातात तशी, म्हणजे पाणी आणि धूळ सांध्यात न शिरता वरून ओघळते. पावपेक्षा जास्त ओव्हरलॅप नको, दुहेरी थर तर मुळीच नको. ओढून धरा, ढिली राहिली की दोन महिन्यांत लोंबते. टोकं स्टीलच्या टायनं बांधा, प्लॅस्टिकचा झिप टाय वितळतो हे सांगायला लागू नये पण लागतं. पहिल्यांदा गाडी चालू कराल तेव्हा धूर येईल, विणताना तंतू धरून ठेवायला लावलेला बाइंडर जळतो तो, मोकळ्यावर करा, घाबरून शेजारी बोलावू नका.

त्यात ‘टायटॅनियम’ म्हणून सोनेरी-तपकिरी पट्टी महाग विकतात, ती बहुतेक बेसॉल्टचे तंतू असतात, दगड 1400-1500 अंशांना वितळवून ओढलेले. बेसॉल्ट म्हणजे आपल्या पायाखालचा काळा दगड, अख्खं माळव्याचं पठार त्याचं आहे. पट्टी चांगली असते, काचेपेक्षा जास्त टिकते. एक गोष्ट मात्र कुणी फुकट दिली तरी घेऊ नका, जुन्या गॅस्केटवाल्यांकडे पडलेली अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी किंवा कापड. त्याचे तंतू फुफ्फुसात जातात आणि वर्षानुवर्षांनी त्रास देतात.

माझं मत विचाराल तर एमएस पाइपाला सिरॅमिक कोटिंग करा, पाणी धरत नाही, किंवा नुसता जाळीचा गार्ड लावा. पट्टी हवीच असेल तर दिवाळीनंतर बांधा, मांडू-महेश्वर फिरा, फोटो काढा, आणि जूनच्या आधी सोडा. सोडलेली पट्टी परत नीट बसत नाही, तेव्हा दर वर्षी नवी घ्यायची तयारी असेल तरच ह्या भानगडीत पडा.

मागच्या काकूंनी विचारलंय, स्कूटरला लावावी का, नातीची पोटरी भाजली. काकू, स्कूटरला गार्ड येतोच, तो तुटला असेल तर नवा बसवा, पट्टी नको. आणि भाजलं की लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं पाय धरायचा, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद पण नाही, फोड आला तर फोडायचा नाही, मोठा असेल तर डॉक्टर.