गाडीवरचा चष्मा: आधी पांढरी काच, मग काळी

श्रोतेहो, नमस्कार.

ऊसतोड सुरू झाली की आपल्या सांगली जिल्ह्यात दुचाकीवाल्याच्या डोळ्यांचे हाल सुरू होतात. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर लोंबणारे वाढे आणि मागे उडणारं पाचट. ओव्हरटेक करायला बाजूला घेतली की ते सगळं थेट तोंडावर. जत, कवठेमहांकाळच्या बाजूला गेलात तर उन्हाळ्यात फुफाटा. आणि दिवस मावळताना कृष्णाकाठच्या मळ्यांतून गाडी काढून बघा, चिलटं आणि किडे असे आदळतात की तोंड मिटूनच चालवावी लागते. डोळे मात्र मिटता येत नाहीत.

माझा धंदा चष्म्याचा. दुकानात पोरगं येतं, म्हणतं, "गाडीवर घालायला एक गॉगल दाखवा," आणि हात जातो तो ट्रेमधल्या सगळ्यांत काळ्या गॉगलकडे. तो घालून आरशात बघतं, मित्राला फोटो काढायला लावतं, सौदा पक्का. रुबाबाला माझी हरकत नाही, माझं पोट त्यावरच आहे. पण गाडीवर डोळ्याला त्रास उन्हाचा किती आणि वारा, धूळ, किडा, खडी यांचा किती, याचा हिशेब कुणी मांडत नाही. ऊन सकाळी नऊ ते पाच. बाकीचं सगळं चोवीस तास. म्हणून माझं म्हणणं असं, की गाडीसाठी पहिला चष्मा घ्यायचा तो पांढऱ्या, म्हणजे आरपार दिसणाऱ्या बिनरंगी काचेचा. काळा नंतर, पैसे उरले तर.

ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. डोळ्यात किडा गेला, पापणी घट्ट मिटली, एका हाताने चोळलं, यात दोन सेकंद सहज जातात. म्हणजे ३० मीटरहून जास्त अंतर तुम्ही न बघता गेलात, तेही एका हातावर. वाऱ्याचंही तसंच. सततच्या वाऱ्याने डोळ्यातलं पाणी वाळतं, मग डोळा आणखी पाणी सोडतो, आणि समोरचं सगळं पुसट होतं. सांगलीहून तासगावपर्यंत जाऊन डोळे लाल करून घेणाऱ्यांना आपले डोळे नाजूक आहेत असं वाटतं. डोळे चांगले असतात, उघडे असतात एवढंच.

आता कुणी म्हणेल, हेल्मेटला काच असते की. असते, आणि तोंडभर झाकणारं हेल्मेट आणि खाली घेतलेली काच यासारखं दुसरं काही नाही. पण आपल्याकडे ती काच किती जण खाली घेतात? उकडतं म्हणून वर, ओळखीचा माणूस दिसला म्हणून वर, मावा थुंकायचा म्हणून वर. अर्ध्या हेल्मेटला तर काच असली तरी खालून वारा शिरतोच. कायदा डोक्यापुरता बोलतो, हेल्मेट नसेल तर दंड. डोळ्यांचं ज्याचं त्याने बघायचं.

चष्मा घेताना काचेचा माल विचारा. खरी काच, म्हणजे फुटणारी, गाडीवर नकोच. खडा लागून तिचा तुकडा डोळ्यात गेला तर धुळीपेक्षा वाईट. साधं प्लॅस्टिक बरं, पण पॉलिकार्बोनेट सगळ्यांत चांगलं. मार खातं, चटकन फुटत नाही, वजनाला हलकं, आणि त्यातून अतिनील किरण, म्हणजे उन्हातले डोळ्याला न दिसणारे पण बाधणारे किरण, जवळजवळ जातच नाहीत, मग काच पांढरी का असेना. ही गोष्ट गिऱ्हाइकाला पटवताना मला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. काळेपणा आणि अतिनील किरण अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यावरचा स्वस्त काळा गॉगल नुसता रंगवलेला असेल तर उलटं होतं: काळोख वाटून डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किरण आत जास्त शिरतात. यूव्ही ४००, म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच, असं लिहिलेलं बघा, पण स्टिकर कुणीही चिकटवतो, म्हणून माल ओळखीच्या दुकानातला घ्या.

सुरक्षेच्या चष्म्यावर बारीक अक्षरं कोरलेली असतात, काडीवर किंवा काचेच्या कोपऱ्यात. झेड ८७ आणि पुढे अधिकचं चिन्ह असेल तर तो अमेरिकन मानकाप्रमाणे जोराच्या माराला तपासलेला. युरोपच्या ईएन १६६ या मानकात एफ हे अक्षर असतं. त्यासाठी ६ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने काचेवर मारून बघतात. ताशी १६२ किलोमीटर झाले. ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या बारीक खड्याला एवढं बऱ्यापैकी पुरतं. असे चष्मे फॅशनच्या दुकानात मिळत नाहीत. वेल्डिंग, ग्राइंडरचं सामान विकणाऱ्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतात, आणि ब्रँडेड गॉगलच्या मानाने फार स्वस्त. दिसायला साधे असतात, हे खरं.

बसतो कसा हे मात्र घालूनच बघावं लागतं, आणि हेल्मेटसकट. इथे बहुतेक जण चुकतात. दुकानात चष्मा मोकळ्या डोक्यावर छान बसतो, घरी हेल्मेट चढवलं की जाड काड्या कानाच्या वर दाबल्या जातात आणि कराडच्या पुढे गेलं नाही तोवर कानशिलं ठणकायला लागतात. काडी पातळ आणि सरळ हवी, कानामागे वळून अडकणारी नको. आधी हेल्मेट, मग चष्मा आत सरकवायचा. घालून मान दोन्हीकडे वळवा, खाली बघा, आरशाकडे बघतो तसं कोपऱ्यातून बघा. काडी जाड असेल तर नेमकी मागून येणारी गाडी तिच्याआड जाते. फ्रेम गालाला आणि भुवईला जवळ हवी. बोट आरपार जात असेल तर धूळही जाईल. कडेला मऊ फोम लावलेले चष्मे मिळतात, धुळीच्या रस्त्याला ते फार चांगले. फक्त सिग्नलला थांबलात की आत वाफ धरते, म्हणून फोमला हवेची भोकं आहेत का बघा.

अजून एक, हातभर लांब चष्मा धरून दुकानाच्या दाराच्या चौकटीकडे बघा आणि चष्मा हळूहळू हलवा. चौकटीची रेघ लाटेसारखी हलली तर काच वाईट. डोकं दुखायला तीच कारण होते.

ज्यांना नंबर आहे त्यांनी नंबरच पॉलिकार्बोनेटमध्ये करून घ्यावा. जवळचा-लांबचा एकत्र चष्मा असेल तर खालच्या भागातून रस्ता पुसट दिसतो, खड्डा नेमका त्याच भागात येतो. रोज लांब गाडी चालवणाऱ्याने फक्त लांबच्या नंबरचा एक वेगळा करावा, हे मी माझ्या नफ्यासाठी सांगत नाही. बरं, थोडं नफ्यासाठीही.

आता काळ्या काचेकडे येऊ. काळेपणाचे शून्य ते चार असे वर्ग आहेत, काडीच्या आत आकडा असतो. तीन नंबर म्हणजे १०० पैकी ८ ते १८ भाग उजेड आत येतो, भर उन्हाला ठीक. चार नंबर डोंगरातल्या बर्फावर चालतो, गाडी चालवायला तो चालत नाही. आणि तीन नंबर घालून साताऱ्याहून पुण्याकडे निघालात की खंबाटकीचा बोगदा येतो. लख्ख उन्हातून एकदम अंधार, डोळ्यावर काळी काच, आणि मागे-पुढे ट्रक. तिथे गॉगल काढायला हात मोकळा नसतो. बोगद्याच्या अलीकडेच, वेग कमी असताना, काय ते करा. डे-नाईट काच, म्हणजे उन्हात आपोआप काळी आणि सावलीत पांढरी होणारी, घेतली म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही, कारण ती पुन्हा पांढरी व्हायला काही मिनिटं घेते आणि बोगदा तोवर संपतो. शिवाय ती काळी होते अतिनील किरणांनी. हेल्मेटची काच ते किरण अडवत असेल तर आतला डे-नाईट चष्मा उन्हातही नीट काळा होत नाही, आणि गिऱ्हाईक माझ्याशी भांडायला येतं.

पोलराइज्ड काच पाण्यावरची चमक मारते, मासे धरणाऱ्याला उत्तम. गाडीवर मला ती फारशी आवडत नाही. कारखान्याच्या रस्त्यावर मळी सांडलेली असते, डिझेल सांडलेलं असतं. ते ओळखायचं ते त्याच्या चकाकीवरून, आणि ती चकाकीच ही काच खाऊन टाकते. नव्या गाड्यांचे डिजिटल मीटरही तिच्यातून कधी काळे दिसतात.

रात्री कुठलीच रंगीत काच नको. पिवळ्या काचेने रात्री जास्त दिसतं असं दुकानदार सांगतील, पण पिवळी काचही उजेड कमीच करते. समोरच्या एलईडी दिव्याने डोळे दिपत असतील तर आधी काचेवरचे ओरखडे बघा. ओरखड्यांवर उजेड फुटतो आणि समोर नुसतं पांढरं होतं. हेल्मेटची काच वेगळी मिळते, ओरखडली की बदलून टाका.

ओरखडे येतात कसे? पेट्रोलची टाकी पुसायच्या फडक्याने कोरडीच काच पुसतात. धूळ म्हणजे बारीक वाळू. आधी पाणी ओतायचं, मग साबणाचं बोट, मग स्वच्छ सुती कापड. पेट्रोल किंवा थिनर पॉलिकार्बोनेटला लावाल तर काच धुरकट होऊन तडकते. पावसात यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाणाऱ्यांना वाफेचा त्रास असतो. काचेला आतून भांड्याच्या साबणाचा अगदी पातळ हात देऊन कोरड्या कापडाने पुसलं की बऱ्यापैकी काम भागतं.

एवढं करूनही डोळ्यात काही गेलं तर? गाडी बाजूला घ्या, चोळू नका, प्यायच्या पाण्याने डोळा धुवा. गावात जिभेने कचरा काढून देणारी माणसं अजून आहेत, त्यांच्याकडे जाऊ नका. उसाचं पान किंवा पाचट लागलं असेल तर जास्त जपा. अशा जखमेत बुरशी धरते, दोन-चार दिवस नुसतं टोचल्यासारखं वाटतं आणि मग बुबुळावर फूल पडतं. मेडिकलमधून मागच्या वेळचे थेंब आणून घालतात, त्यात स्टेरॉइड असेल तर बुरशीला रानच मोकळं. दुखणं, लाली किंवा पुसट दिसणं दुसऱ्या दिवशीही असेल तर नेत्रतज्ज्ञाकडे जा. जाताना गाडी स्वतः चालवू नका. एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो. कुणाच्या तरी मागे बसून जा.

नमस्कार.