राणीच्या बागेतला रविवार

[दृश्य: भायखळा पूर्व. उद्यानाचं फाटक, तिकिटाची रांग.]

रविवार सकाळ. फाटक नुकतंच उघडलंय. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या खांद्यावर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी. पाटीवर नाव आहे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय. पण रांगेतल्या आजीबाई नातीला सांगतायत, "ही राणीची बाग गं. मी तुझ्याएवढी होते तेव्हा इथे हत्तीवर बसले होते."

ती राणी म्हणजे व्हिक्टोरिया. १८६२ साली ही बाग तिच्या नावानं खुली झाली. पुढे लालबाग-परळच्या चाळींतल्या कितीतरी पोरांनी आयुष्यातला पहिला वाघ इथेच पाहिला.

२०१७ मध्ये दर वाढले, तेव्हा आई-वडील आणि दोन मुलं मिळून १०० रुपयांचं तिकीट ठरलं. या शहरात चौघांनी मिळून सावलीत दिवस घालवावा, अशा जागा फार उरलेल्या नाहीत. म्हणून ही जपायला हवी.

[दृश्य: झाडांमधली पायवाट. वर बघणारी मुलं.]

आत शिरल्यावर सगळे धावतात पेंग्विनकडे. जरा थांबा. ही मुळात झाडांची बाग आहे. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच इथे आहे, खोड असं की चार मुलांनी हात धरले तरी कवेत मावणार नाही. आणि उर्वशी, मूळची म्यानमारची. हिची कोवळी पानं तांबूस असतात, धुऊन वाळत घातलेल्या रुमालासारखी मलूल लोंबतात. फुलांचे लाल झुबके खाली झुकलेले, पाकळीच्या टोकाशी पिवळा ठिपका. नात मान वर करून बघत राहते. आई म्हणते, "चल गं." ती हलत नाही.

[दृश्य: पेंग्विन कक्ष. काचेवर टेकवलेले चिमुकले तळवे.]

"आई, बर्फ कुठेय?"

इथे हा प्रश्न हमखास ऐकू येतो. प्रश्न चांगला आहे, कारण उत्तर अनपेक्षित आहे. हे हम्बोल्ट पेंग्विन. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहणारे. तिथे बर्फ नसतो, पण समुद्राचा थंड प्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो. त्यांना बर्फ लागत नाही, गारवा लागतो. म्हणून बाहेर घामाच्या धारा लागल्या असल्या तरी काचेपलीकडे गारठा राखलेला असतो. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ पेंग्विन मुंबईत आले, त्यातला एक त्याच वर्षी दगावला, आणि उरलेले सात पुढच्या मार्चमध्ये लोकांना पाहायला मिळाले.

काचेला नाक लावून नीट बघा. छातीवर काळा पट्टा, त्याखाली बारीक काळे ठिपके. प्रत्येकाची ठेवण वेगळी. दोन मिनिटांत मुलं त्यांना ओळखू लागतात, "तो बघ, मघाचा!"

[दृश्य: माकडांचा पिंजरा.]

एक काका वेफर्सचं पाकीट उघडतात. त्यांना थांबवते नातच. "काका, नाही द्यायचं." प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना खायला घालायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे. आजी हळूच म्हणतात, "आम्ही शेंगदाणे घालायचो गं. तेव्हा कुणी सांगितलंच नाही."

[दृश्य: हिवाळा. फुलांनी सजलेल्या प्रतिकृती, गर्दी.]

हिवाळ्यात इथे महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं. फुलांनी मढवलेल्या आकृती, कुंडीत लगडलेल्या भाज्या, आणि त्यांच्यापुढे फोटो काढणारी अख्खी कुटुंबं. गर्दी असते, पण घराच्या खिडकीत एक तरी कुंडी ठेवावी, असं इथून निघताना वाटतंच. आणि हो, बुधवारी बाग बंद असते. मुलांना शब्द देण्याआधी वार बघा.

[दृश्य: शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयासमोरचा दगडी हत्ती. संध्याकाळचं ऊन.]

निघताना या हत्तीपाशी या. घारापुरी बेटावरचा हा. याच्यामुळेच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्लंडला न्यायला उचलताना तो फुटला. तुकडे मुंबईतच राहिले, आणि १९१४ मध्ये इथे जोडले गेले. उन्हाची तिरीप पाठीवर पडली की सांधे दिसतात.

नात विचारते, "आजी, तू बसलेलीस तो हाच का?"

आजी हसतात. "नाही गं, तो चालायचा."