खर्च कोण चालवत होतं?

श्रोतेहो, नमस्कार.

येशू ख्रिस्त म्हटलं की त्याच्यामागे बारा शिष्य डोळ्यांपुढे येतात. मासेमारी, जकातीचं नाकं, सगळं सोडून ही माणसं गालीलातल्या गावोगावी पायी हिंडत होती. मग यांच्या जेवणाखाणाचं काय? घर चालवणाऱ्या कुणालाही हा प्रश्न पहिल्यांदा सुचेल. प्रवचनांत तो क्वचितच निघतो.

उत्तर लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात आहे, आठव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच. येशूबरोबर काही स्त्रियाही फिरत होत्या आणि आपल्या पदरच्या पैशांतून या सगळ्यांचं पाहत होत्या. लूक तीन नावं देतो. मग्दालीया मरीया, योहान्ना आणि सुसान्ना. शिवाय इतर पुष्कळ जणी होत्या म्हणतो आणि पुढे जातो.

यातली योहान्ना मला फार विलक्षण वाटते. तिचा नवरा खुजा हा गालीलचा शासक हेरोद अंतिपा याचा कारभारी. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा शिरच्छेद करवणारा, तोच हा हेरोद. त्याच्या कारभाऱ्याची बायको एका फिरत्या गुरूच्या खर्चाला हातभार लावत होती! खुजाला हे रुचत होतं का, लूक सांगत नाही. पण दरबारात कुजबुज झाली नसेल, असं मला तरी वाटत नाही.

बरं, पैसे देऊन त्या घरी बसल्या नाहीत. गालीलातून यरुशलेमपर्यंत आल्या. येशूला अटक होताच शिष्य पळाले, पेत्राने तर तीनदा ओळख नाकारली. दुरून का होईना, क्रुसाकडे पाहत उभ्या राहिलेल्यांत दुसरा शुभवर्तमानकार मार्क नावं देतो ती स्त्रियांची. रविवारी पहाटे कबरीकडे गेल्या त्याही स्त्रियाच, आणि चारही शुभवर्तमानांत तिथे मग्दालीया मरीया आहे. त्यांनी येऊन सांगितलं, तर प्रेषितांना, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांना, ती वायफळ बडबड वाटली. हेही लूकनेच लिहून ठेवलंय.

मरीयेची पुढे आणखी उपेक्षा झाली. ५९१ साली पोप पहिले ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिला आणि लूकमधल्या एका अनामिक पापी स्त्रीला एकच ठरवलं. शुभवर्तमानात याला काही आधार नाही, पण चित्रकारांनी ते शतकानुशतकं रंगवलं. कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये आपल्या उपासनेच्या दिनदर्शिकेत हा घोळ निस्तरला. २०१६ मध्ये २२ जुलै हा तिचा दिवस प्रेषितांच्या सणांच्या पंक्तीला बसला.

येशूनंतर त्याचा संदेश दूरवर नेणाऱ्या पौलाच्या काळात चर्चच्या इमारती नव्हत्या, मंडळी, म्हणजे ख्रिस्ती लोकांचे गट, घरांतून जमायची. आजच्या ग्रीसमधल्या फिलिप्पै शहरात थुवतीरा गावची लुदिया, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी, तिने आपलं घर उघडलं. प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विल्ला तंबू बनवायचे. अपोल्लोसारख्या फर्ड्या वक्त्याला या दोघांनी बाजूला घेऊन शिकवलं. आणि फिबी? करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातल्या मंडळीची ही सेविका. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल तिची शिफारस करतो, तिने आपल्यासकट पुष्कळांना साहाय्य केलंय असं सांगतो. ते पत्र रोमला तिनेच नेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. समुद्रापार न्यायचं ते पत्र, पौलाचं सगळ्यात लांबलचक. अशी जोखीम कुणी कुणाच्याही हाती देत नाही.

हे सगळं ख्रिस्ती ग्रंथांतलं झालं. एक साक्ष विरोधी गोटातलीही आहे. साधारण ११२ साली, आजच्या उत्तर तुर्कस्तानातल्या बिथिनिया आणि पोंतुस प्रांताचा रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राट त्राजानला पत्र लिहिलं. ख्रिस्ती लोक जमून नेमकं करतात काय, याचा छडा त्याला लावायचा होता. त्यासाठी त्याने दोन दासींचा छळ करून जबाब घेतला. त्या आपल्या मंडळीत सेविकेचं काम करणाऱ्या होत्या. त्यांच्याकडून काय हाती लागलं? बेसुमार अंधश्रद्धेपलीकडे काही नाही, असं तो लिहितो. म्हणजे गुन्हा सापडला नाही. त्या दोघींची नावं मात्र लिहावीत असं त्याला वाटलं नाही.

नमस्कार.