ओटाच्या शेतावरचा जनरल

(दृश्य: कोंबड्यांच्या लांबच लांब शेड, मक्याचे शेत)

लागोस महानगराच्या वेशीवर, ओगुन राज्यातील ओटा येथे हे शेत आहे. मका, कोंबडीखाद्य, अंडी आणि मांस असा एकात एक गुंतलेला हा व्यवसाय १९७९ मध्ये ज्यांनी उभा केला, ते ओलुसेगुन ओबासांजो त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेरपर्यंत नायजेरियाचे लष्करी राष्ट्रप्रमुख होते.

(दृश्य: अबेओकुटा, ओलुमो खडक, खाली गंजलेल्या पत्र्यांची छपरे)

अबेओकुटाजवळच्या एका खेड्यात, १९३७ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. वडील शेतकरी होते आणि मुलाने शाळेचे तोंड पाहिले ते अकराव्या वर्षी. तोपर्यंत शेत हेच त्याचे जग होते. १९५८ मध्ये ते सैन्यात गेले आणि अभियांत्रिकी दलात वाढले. त्याच वाटेवर १९६५ मध्ये ते भारतात आले आणि वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजबरोबरच आपल्या पुण्यातील लष्करी अभियांत्रिकी संस्थेतही शिकले. यादवी युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात त्यांच्याकडे एका डिव्हिजनचे नेतृत्व आले आणि जानेवारी १९७० मध्ये नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राच्या सैन्याची शरणागती त्यांनी स्वीकारली.

(निवेदन थांबते. जुनी कृष्णधवल दृश्ये: युद्धग्रस्त गावे, उपाशी मुले)

१३ फेब्रुवारी १९७६ रोजी राष्ट्रप्रमुख मुर्तला मोहम्मद यांची लागोसच्या रस्त्यावर हत्या झाली आणि त्यांचे सहकारी ओबासांजो यांच्यावर देशाचा भार आला. तेलाचा पैसा वाहत होता; त्या पैशावर परदेशी धान्य सहज विकत घेता येत होते, त्यामुळे गावातला तरुण शेत सोडून शहराकडे निघाला होता. ज्याच्या घरी शेती होती त्याला हे अधिक टोचले असणार. त्याच वर्षी त्यांनी देशाला स्वतःचे अन्न स्वतः पिकवायला सांगणारी मोहीम काढली, खते वाटली आणि सुट्टीत विद्यार्थ्यांना शेतावर पाठवले. आयात मात्र थांबली नाही. तरीही राष्ट्रप्रमुखाने नांगराची गोष्ट बोलावी, याचे मोल आम्हाला कमी वाटत नाही.

(दृश्य: १ ऑक्टोबर १९७९, सत्तांतराचा सोहळा)

या दिवशी त्यांनी निवडून आलेले अध्यक्ष शेहू शगारी यांच्या हाती सत्ता सोपवली. नायजेरियाच्या लष्करी राज्यकर्त्याने लोकनियुक्त सरकारला सत्ता दिल्याचा हा पहिलाच प्रसंग होता. जनरल ओटाला आले. पुढे याच शेतावर १९८८ पासून आफ्रिकेच्या नेतृत्वाविषयी परिसंवाद भरू लागले आणि शेतमालक पाहुण्यांबरोबर चर्चेला बसू लागला.

१९९५ मध्ये लष्करी हुकूमशहा सानी अबाचा यांच्या राजवटीने कटाच्या आरोपाखाली त्यांना तुरुंगात टाकले; जून १९९८ मध्ये अबाचा यांच्या मृत्यूनंतर त्यांची सुटका झाली आणि वर्ष उलटायच्या आत, २९ मे १९९९ रोजी, ते निवडून आलेले अध्यक्ष म्हणून शपथ घेत होते. आठ वर्षांच्या या कारकिर्दीत पॅरिस क्लबचे, म्हणजे कर्ज देणाऱ्या देशांच्या गटाचे, सुमारे १८ अब्ज डॉलरचे कर्ज माफ झाले; नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील ओडी गाव सरकारी सैनिकांनी उद्ध्वस्त केले, आणि तिसऱ्या कार्यकाळाची वाट करून देणारी घटनादुरुस्ती २००६ मध्ये सिनेटने रोखली. २००७ मध्ये त्यांनी पद सोडले.

(दृश्य: ओटा, संध्याकाळ. शेडचे दिवे लागतात. निवेदन नाही.)