१३,७०५ किलोसायकल : पराभूत जपानची बिनतारी तार

मंडळी, १५ ऑगस्ट १९४५ च्या दुपारी जपानी जनतेने आपल्या सम्राटाचा आवाज रेडिओवर पहिल्यांदा ऐकला. ही गोष्ट आपल्या सगळ्यांच्या कानावरून गेलेली आहे. त्याच सुमारास मनिलाहून टोकियोच्या दिशेने एक बिनतारी संदेश निघाला होता, तो मात्र फारसा कुणाच्या लक्षात नाही. तो जनरल मॅकआर्थरचा होता. आजच्या विषयाची मुळं त्या संदेशात आहेत, म्हणून तो जरा सावकाश पाहू.

मॅकआर्थर सांगतो की दोस्त राष्ट्रांनी मला सर्वोच्च सेनापती नेमलं आहे आणि युद्ध थांबवण्याची व्यवस्था मी थेट तुमच्याशी करणार आहे. आणि लगेच मुद्द्यावर येतो. टोकियो परिसरातलं एक रेडिओ ठाणं आमच्याशी अखंड संपर्कासाठी नेमून द्या. त्याचं कॉल साइन, म्हणजे ठाण्याची ओळख-अक्षरं, कळवा, फ्रिक्वेन्सी कळवा. मजकूर इंग्रजीतच हवा. तुमचं ठाणं ठरेपर्यंत जेयूएम या ठाण्यावरून १३,७०५ किलोसायकलवर (आजच्या भाषेत किलोहर्ट्झवर) बोला, मनिलाहून डब्ल्यूटीए १५,९६५ वर उत्तर देईल. संदेशात कॉल साइन आणि आकडे दोन-दोनदा दिलेत, मध्ये ‘रिपीट’ हा शब्द घालून. इथे बसलेल्या ज्यांनी कधी मोर्सच्या कीवर हात ठेवलाय त्यांना यातलं गांभीर्य वेगळं सांगायला नको. मजकुरातला एखादा शब्द गळाला तर अंदाजाने भरून काढता येतो, आकडा गळाला तर काही करता येत नाही.

शरणागतीच्या कागदावर सह्या व्हायला अजून अठरा दिवस होते. जेत्यांचा एकही सैनिक टोकियोत उतरलेला नव्हता. तरी जित आणि जेता यांच्यात पहिली गोष्ट ठरली ती फ्रिक्वेन्सी. मग याच वाटेने पुढचं सगळं ठरलं. जपानी शिष्टमंडळाने मनिलाला कसं यायचं, विमानं पांढरी रंगवून त्यांवर हिरवे क्रूस काढायचे, हवेतून हाक देताना ‘बतान’ हा शब्द वापरायचा. १९ ऑगस्टला जनरल कावाबे यांच्या नेतृत्वाखाली सोळा जणांचं शिष्टमंडळ निघालं ते या तारांच्या भरवशावर.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. आंतरराष्ट्रीय तारसेवा म्हणजे मनोरे, व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या) आणि अँटेना, असं आपण धरून चालतो. मीही नोकरीची पहिली काही वर्षं तसंच धरून चाललो होतो. जपानचं उदाहरण वाचल्यावर माझी समजूत बदलली. तिथे यंत्रं बऱ्याच अंशी शाबूत होती, तुटलं होतं ते नातं. ते सांधायला सात वर्षं लागली.

यंत्रं शाबूत कशी राहिली? हे आपल्या पुणेकरांना खडकीच्या आणि दौंडच्या उदाहरणाने चटकन कळेल. १९२७ साली मुंबई-लंडन बीम सेवा, म्हणजे एकाच दिशेला लहरींचा झोत टाकणारी बिनतारी तारसेवा, सुरू झाली तेव्हा प्रक्षेपण केंद्र खडकीला होतं आणि ग्रहण केंद्र दौंडला. मधे सुमारे पंचाहत्तर किलोमीटरचं अंतर. कारण साधं आहे. हजारो मैलांवरून आलेला सिग्नल इतका क्षीण असतो की शेजारीच आपला ट्रान्समीटर धडधडत असेल तर तो ऐकूच यायचा नाही. आणि दोन्ही ठिकाणांना मोकळी, सपाट जमीन लागते, गावाचा गलबला नको. तार लिहून घेणारं कार्यालय तेवढं शहराच्या मध्यभागी. जपाननेही तेच केलं होतं. तारघर टोकियोत, पण लघुलहरींची मोठी प्रक्षेपण केंद्रं कांतोच्या मैदानात नाझाकी आणि ओयामा इथे, ग्रहण केंद्रं साइतामाच्या बाजूला. मार्च १९४५ मध्ये टोकियोवर आगीचे बॉम्ब पडले, शहराचा मोठा भाग बेचिराख झाला, पण शेतांतले अँटेनाचे खांब उभे राहिले.

शहरातली अवस्था मात्र बिकट होती. युद्धाआधी दहा लाखांच्या घरात असलेले टेलिफोन युद्ध संपताना जवळपास निम्म्यावर आले होते. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेली तार प्रशांत महासागर ओलांडून टोकियोत सुखरूप यायची आणि तिथून ओसाकाला जाताना अडकायची.

जर्मनीत याच्या अगदी उलट घडलं. बर्लिनजवळचं नाउएन हे जगातल्या सर्वांत जुन्या मोठ्या बिनतारी केंद्रांपैकी एक. रशियन फौजांनी एप्रिल १९४५ मध्ये ते घेतलं आणि युद्धाच्या भरपाईपोटी यंत्रं काढून नेली. काल्बे इथला ‘गोलियाथ’ हा पाणबुड्यांना संदेश देणारा प्रचंड ट्रान्समीटरही उखडून रशियात गॉर्कीजवळ पुन्हा उभारला गेला. तिथे यंत्रांपासूनच सुरुवात करायची होती. जपानवर वस्तुतः एकाच देशाचा ताबा होता, त्यामुळे यंत्रं जागच्या जागी राहिली. म्हणूनच नात्याचा प्रश्न जपानमध्ये अधिक स्वच्छ दिसतो.

तो कसा, ते सांगतो.

एक सर्किट, म्हणजे दोन देशांमधली बिनतारी वाट, चालायचं तर दोन टोकांना दोन अधिकृत माणसं लागतात, आणि प्रत्येकाच्या मागे एक सार्वभौम सरकार लागतं. ऑक्टोबर १९४५ च्या अखेरीस मॅकआर्थरच्या मुख्यालयाने जपानला परदेशातल्या वकिलातींची मालमत्ता आणि दफ्तरं हवाली करायला लावली आणि प्रतिनिधींना परत बोलावून घ्यायला सांगितलं. जगाशी स्वतःहून बोलण्याचा हक्क त्या सरकारला उरला नाही. मग परक्या देशाच्या तारखात्याशी करार कुणी करायचा? फ्रिक्वेन्सी कुणी मागायची? तारांचे पैसे कुणाच्या खात्यावर लिहायचे? या सगळ्यासाठी मुख्यालयात एक विभाग उघडला गेला, सिव्हिल कम्युनिकेशन्स सेक्शन. टपाल, तार, टेलिफोन, प्रक्षेपण, शिवाय त्यांची यंत्रं बनवणारे कारखाने, सारं त्याच्या अखत्यारीत. हुकूम त्यांचा, अंमलबजावणी जपानी दळणवळण मंत्रालयाची. ऑपरेटर बहुतेक जपानीच होते, तेच, जे युद्धाआधी त्याच टेबलावर बसत होते.

त्यांच्या टेबलावर काय चालायचं ते थोडं जवळून पाहू. तार आली की आधी तिची पट्टी भोकं पाडून तयार करायची. ती पट्टी यंत्रातून सरकली की मोर्स आपोआप आणि हाताच्या कितीतरी पट वेगाने जाई. पलीकडच्या टोकाला अरुंद कागदी फीत धावत असे आणि शाईची लेखणी तिच्यावर चौकोनी लाटा काढत जाई, आखूड उंचवटा म्हणजे डॉट, लांब उंचवटा म्हणजे डॅश. ऑपरेटर ती फीत डोळ्यांनी वाचत टाइपरायटरवर अक्षरं उतरवायचा. मी तारखात्यात लागलो तेव्हा अशी फीत वाचणारे जुने लोक अजून होते. एक साहेब चहा पिताना फीत डाव्या हाताच्या बोटांतून सोडत आणि उजव्या हाताने टाइप करत. लाटा वेड्यावाकड्या यायला लागल्या की पलीकडे न विचारता सांगायचे, “आता आकाश बिघडलं, फ्रिक्वेन्सी खाली घ्या.”

आकाश बिघडणं म्हणजे काय? लघुलहरी वरच्या वातावरणातल्या विद्युतभारित थरावर आपटून परततात. दिवसा वरची फ्रिक्वेन्सी चालते, रात्री खालची. टोकियोत सकाळ असते तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत आदल्या दिवसाची दुपार टळून गेलेली असते, म्हणजे एकाच वाटेवर उजेडही आणि पुढे येणारा अंधारही. शिवाय गोलावरची सर्वांत जवळची वाट सरळ पूर्वेला जात नाही, ती अल्युशियन बेटांकडे उत्तरेला वळते. सौरडाग वाढले, चुंबकीय वादळ आलं की नेमकी तीच वाट आधी गोंधळते. १९४७ साली सौरडागांचं चक्र शिगेला होतं. चांगल्या दिवशी आवाज स्वच्छ, वाईट दिवशी तासन् तास शुकशुकाट. म्हणून एका सर्किटला एक फ्रिक्वेन्सी पुरत नाही, तीन-चार लागतात. आणि फ्रिक्वेन्सीच तर जपानच्या हातात नव्हती. देशातली प्रत्येक फ्रिक्वेन्सी मॅकआर्थरचं मुख्यालय वाटून देत होतं, आणि आधी लष्कराची गरज.

१९४७ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीला आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषद भरली. जगाच्या फ्रिक्वेन्सींची नव्याने वाटणी होत होती आणि जपानला तिथे मताचा अधिकार नव्हता. पूर्वी ‘जे’ हे सबंध अक्षर जपानचं होतं. आज जपानकडे जेएए ते जेएसझेड एवढंच आहे, पुढचे तुकडे मंगोलिया, नॉर्वे, जॉर्डन यांच्याकडे गेले. तुम्ही हौशी रेडिओवाले रोज ही कॉल साइन ऐकता, पण ‘जे’च्या शेपटाला मंगोलिया का, हे सहसा कुणी विचारत नाही. जपान आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेत परतला १९४९ मध्ये. आणि जपानी हौशी मंडळींना तर परवाने मिळाले ते जुलै १९५२ मध्ये.

दुसरी गाठ सेन्सॉरची. मुख्यालयाच्या गुप्तवार्ता शाखेत नागरी सेन्सॉर विभाग होता. पत्रं, तारा, टेलिफोन, सगळं तपासलं जाई आणि हे १९४९ च्या उत्तरार्धापर्यंत चाललं. आता व्यापाऱ्याची अडचण बघा. परदेशी तारेला शब्दामागे पैसे पडतात, म्हणून सगळ्या जगातले व्यापारी पाच-पाच अक्षरांचे सांकेतिक शब्द वापरत. एका शब्दात ‘माल जहाजावर चढला, विमा उतरवला, कागद पाठवतो’ एवढं मावे. सेन्सॉरला तोच शब्द संशयास्पद. साध्या भाषेत लिहा म्हटलं तर तारेचा खर्च कितीतरी पट. एकीकडे जपानने निर्यात करून स्वतःचं अन्न विकत घ्यावं अशी अमेरिकेचीच इच्छा होती, कारण तो भार अमेरिकन करदात्यावर पडत होता. दुसरीकडे निर्यातदाराच्या तोंडावर हात. मला वाटतं, ताबा घेतलेल्या राजवटीची सर्वांत अवघड कोंडी हीच होती.

१५ ऑगस्ट १९४७ ला, तारीख आपल्या चांगलीच ओळखीची आहे, मर्यादित खासगी व्यापार खुला झाला आणि परदेशी खरेदीदार टोकियोत यायला लागले. खरेदीदाराला भाव आज कळवायचा असतो, पत्राने महिनाभराने नाही. तारांची गरज तिथून खऱ्या अर्थाने वाढली. पण हिशेब? देशोदेशींची तारखाती आपसात सुवर्ण फ्रँक या हिशेबापुरत्या चलनात हिशेब ठेवत. येनचा सर्व व्यवहारांसाठी एकच दर एप्रिल १९४९ मध्ये ठरला, डॉलरला ३६० येन. तोवर जपानी ग्राहकाने खिडकीवर भरलेल्या येनची परदेशात किंमत किती, याला सरळ उत्तरच नव्हतं.

इथे एक योगायोग सांगतो. जपानच्या परदेशी सेवेची यंत्रसामग्री सरकारी नव्हती, ती आंतरराष्ट्रीय दूरसंचार कंपनी नावाच्या कंपनीची होती. मंत्रालय सेवा चालवायचं, कंपनी यंत्रं उभारायची आणि राखायची. मुख्यालयाने ती कंपनी विसर्जित करायला लावली आणि १९४७ मध्ये तिची केंद्रं आणि माणसं मंत्रालयाकडे गेली. त्याच वर्षी, १ जानेवारी १९४७ ला, आपल्याकडे इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स ही कंपनी सरकारने घेतली आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस जन्माला आली. खडकी-दौंड त्यात आलं. दोन देश, एकच साल, दोन्हीकडे कंपनी जाऊन सरकार आलं. आपण ते केलं कारण सार्वभौमत्व उंबरठ्यावर होतं. त्यांच्याकडे ते झालं कारण सार्वभौमत्व दुसऱ्याच्या हातात होतं.

आणि त्याच काळात आपली माणसं जपानमध्ये होती, हेही नोंदवून ठेवतो. जपानचा ताबा घ्यायला गेलेल्या ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या फौजेत जी भारतीय डिव्हिजन गेली तिच्या २६८ ब्रिगेडचं नेतृत्व ब्रिगेडियर थिमय्यांकडे होतं आणि त्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, आपली जंगी पलटण होती. १९४६ ते १९४७. सातारा-कोल्हापूरकडचे जवान पश्चिम जपानमध्ये पहारा देत होते.

सिव्हिल कम्युनिकेशन्स सेक्शनबद्दल अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सेवा नीट चालायची तर व्हॉल्व्ह टिकले पाहिजेत, आणि जपानी कारखान्यांतून निघणारे व्हॉल्व्ह भरवशाचे नव्हते. म्हणून त्या विभागातल्या होमर सारासोन आणि चार्ल्स प्रोट्झमन या अभियंत्यांनी १९४९-५० मध्ये कारखान्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी व्यवस्थापनाचे आणि गुणवत्तेचे वर्ग घेतले, आधी टोकियोत, मग ओसाकात. जपानी इलेक्ट्रॉनिक्सचा इतिहास लिहिणारे या वर्गांपाशी थांबतात. मुळात गरज होती रेडिओसंचातली नळी जळू नये एवढीच.

१ जून १९५० ला जपानचा स्वतःचा रेडिओ कायदा अमलात आला. २८ एप्रिल १९५२ ला शांतता करार लागू झाला, ताबा संपला. आणि १ एप्रिल १९५३ ला परदेशी तार-टेलिफोनसाठी केडीडी ही नवी कंपनी उभी राहिली. आता करारावर सही करायला जपानचा स्वतःचा माणूस होता.

एक ठाणं मात्र परत आलं नाही. आइची प्रांतात कारिया गावाजवळ योसामी इथे १९२९ साली युरोपशी बोलण्यासाठी अतिदीर्घ लहरींचं केंद्र बांधलं होतं. अडीचशे मीटर उंचीचे आठ मनोरे, कुठूनही दिसणारे. अशा लहरी समुद्राच्या पाण्यात थोड्या खोलवर शिरतात, पाणबुडीला ऐकू येतात. १९५० मध्ये अमेरिकन नौदलाने ते वापरायला घेतलं. करार झाला, ताबा संपला, केडीडी आली, तरी योसामी तसंच राहिलं. १९९० च्या दशकात नौदलाने ते सोडलं तोपर्यंत गावातल्या दोन पिढ्या त्या मनोऱ्यांखाली म्हाताऱ्या झाल्या होत्या. मनोरे १९९७ मध्ये उतरवले. एका मनोऱ्याचा खालचा भाग आणि १९२९ चं ते जर्मन बनावटीचं फिरतं यंत्र तिथल्या छोट्या संग्रहालयात ठेवलं आहे. जपानला गेलात तर नागोयाहून फार लांब नाही. त्या यंत्राजवळ दहा मिनिटं उभे राहा.