बंदूकधारी तटस्थता

[लुझर्न, स्वित्झर्लंड. बूर्बाकी पॅनोरमा, आतून]

मधोमध उभं राहायचं आणि स्वतःभोवती गोल फिरत बघायचं, असं हे चित्र. दहा मीटर उंच, घेर शंभर मीटरच्या वर. एदुआर कास्त्र या चित्रकाराने 1881 साली सहकाऱ्यांना हाताशी धरून ते रंगवलं. प्रसंग ऐकीव नव्हता. रेड क्रॉसचा स्वयंसेवक म्हणून कास्त्र चित्रातल्या फ्रेंच फौजेबरोबर होता.

फेब्रुवारी 1871. प्रशिया या जर्मन राज्याने पिटाळलेली फ्रेंच फौज जुरा पर्वताच्या बर्फातून स्वित्झर्लंडच्या हद्दीवर येऊन थडकली. सेनापती बूर्बाकीने स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. तो वाचला, पण सूत्रं जनरल क्लँशाँकडे गेली. हद्दीच्या अलीकडे स्विस जनरल हान्स हर्झोग, हाताशी तुटपुंजं सैन्य. त्याची अट एकच: आत या, शस्त्रं इथे ठेवा. 1 फेब्रुवारीच्या पहाटे ले व्हेरिएर गावात करार झाला.

[कॅमेरा रस्त्याच्या कडेला]

हे बंदुकांचे ढीग. हे हाडं निघालेले घोडे. आणि ही रांग, जी तीन दिवस सरत नव्हती. सुमारे 87,000 माणसं! तेव्हा सगळ्या स्वित्झर्लंडची लोकसंख्या साडेसव्वीस लाख. गावोगावच्या शाळांत, चर्चमध्ये त्यांची सोय लावली गेली.

पण नजर ढिगांवरच ठेवा. 1815 साली युरोपातल्या बड्या सत्तांनी स्वित्झर्लंडच्या कायमच्या तटस्थतेला मान्यता दिली, ती कागदावर. हर्झोगने ही शस्त्रं उतरवून घेतली नसती, तर पाठलाग करत हद्दीत घुसायला प्रशियाला आयतं निमित्त मिळालं असतं. तटस्थ देशाने आत आलेल्या सैन्याला अडकवून ठेवावं, हा नियम युद्धाचे नियम ठरवणाऱ्या हेग करारात आला 1899 साली. इथे तो आधीच पाळला गेला होता.

[ग्लां. गुलाबी घर]

खिडक्या नीट बघा. रंगवलेल्या आहेत. आत तोफा होत्या. दुसऱ्या महायुद्धात उभारलेला हा किल्ला, घराचं सोंग घेतलेला. शेजारून जाते ती रणगाडे अडवणारी काँक्रीटच्या ठोकळ्यांची रांग, जुराच्या पायथ्यापासून जिनिव्हा सरोवरापर्यंत, सुमारे दहा किलोमीटर. एकेक ठोकळा नऊ टनांचा. आता तिथे लोक फिरायला येतात.

याच युद्धात, ऑगस्ट 1942 मध्ये, ज्यू निर्वासितांना हद्द बंद झाली आणि मध्यवर्ती बँक जर्मनीचं सोनं घेत राहिली. या काळाची चौकशी करणाऱ्या स्विस बर्जिए आयोगाच्या अहवालांत ते सगळं आहे.

[रेल्वे स्टेशन. गणवेशातली पोरं]

सैन्यसेवा इथे पुरुषांना आजही सक्तीची. ती रद्द करायची का, असं 2013 मध्ये सार्वमताने विचारलं, तेव्हा 73 टक्के मतदार नाही म्हणाले. 2022 मध्ये स्वित्झर्लंडने रशियावरचे युरोपीय संघाचे निर्बंध स्वीकारले. जर्मनीला विकलेला स्विस दारूगोळा युक्रेनला धाडायची परवानगी मात्र दिली नाही. दारूगोळ्यावरून कीव्ह आणि निर्बंधांवरून मॉस्को, दोघंही नाराज.